ओत्सी (आल्प्समधील हिमशव)

ओत्सी : आल्प्स पर्वतात, इटली व ऑस्ट्रिया यांच्या सरहद्दीवरील तिसेनयोख या खिंडीजवळ हिमात सापडलेले ताम्रपाषाणयुगीन प्रौढ पुरुषाचे शव. काळ सामान्यतः इ.स.पू. ३३५० ते ३१०० यांदरम्यान मानतात. उत्तरेकडील ओत्स खोऱ्यावरून व्हिएन्नाचा पत्रकार कार्ल व्हेन्डल याने १९९१ मध्ये ‘ओत्सी’ हे सुटसुटीत नाव दिले आणि तेच रूढ झाले. मराठी वृत्तपत्रांत ते ‘ओट्झी’ असेही छापले जाते. मराठीत ‘हिममानव’ हा शब्द यतीसाठी रुळलेला आहे, म्हणून या नोंदीत ‘हिमशव’ ही संज्ञा वापरली आहे. ईजिप्तमधील ममींवर मुद्दाम प्रक्रिया केलेली असते व त्यांतील बहुतेक अंतर्गत अवयव काढून घेतलेले असतात. ओत्सीचे जठर, आतडी, फुप्फुसे जागच्या जागी आहेत आणि ऊतकांत ओलावाही शिल्लक आहे. या शवाचे संशोधनमूल्य मुख्यतः त्यातच आहे.

शोध : १९ सप्टेंबर १९९१ रोजी न्यूरेंबर्गच्या हेल्मुट व एरिका सिमोन या दांपत्याला फिनाइल शिखरावरून उतरताना, सु. ३,२१० मी. उंचीवरील एका खडकाळ घळीत, वितळत्या बर्फातून वर आलेले डोके व पाठ दिसली. त्या वर्षी सहारातून उडून आलेल्या धुळीने आल्प्समधील बर्फ काळवंडले होते आणि ते एरवीपेक्षा जास्त वितळले. शव अलीकडच्याच एखाद्या गिर्यारोहकाचे असावे, असा सर्वांचा समज झाला. ते बर्फातून सोडवताना हवेच्या दाबावर चालणाऱ्या छिन्नीने डावा नितंब फाटला व धनुष्य मोडले. २३ सप्टेंबरला इन्सब्रुकचे न्यायवैद्यक रायनर हेन यांनी शव बाहेर काढले, त्या वेळी तेथे एकही पुरातत्त्वज्ञ हजर नव्हता. घळीत कोणती वस्तू नेमकी कशी व कोठे पडली होती, याची पहिल्या चार दिवसांतली माहिती त्यामुळे कायमची गेली. पुढील तीस वर्षांच्या वादांचे मूळ बऱ्याच अंशी या चार दिवसांत आहे. २४ सप्टेंबरला इन्सब्रुक विद्यापीठाचे कोनराड श्पिंडलर यांनी कुऱ्हाडीचा आकार पाहून शव किमान ४,००० वर्षांचे असल्याचे सांगितले. १९९२ च्या उन्हाळ्यात घळीचे रीतसर उत्खनन होऊन धनुष्याचा राहिलेला भाग व अस्वलाच्या कातड्याची टोपी मिळाली.

शव कोणत्या देशाचे, हा प्रश्नही लगेच उभा राहिला. १९१९ च्या सँ-झेर्मँ तहानुसार येथील सरहद्द इन व आदिजे या नद्यांच्या जलविभाजकावरून जाते. मात्र पुढे प्रत्यक्ष आखणी झाली तेव्हा खिंड जाड बर्फाखाली होती व जलविभाजक दिसत नव्हता. घळीतील पाणी वास्तविक उत्तरेकडे, म्हणजे इन नदीकडे वाहते. तरीही २ ऑक्टोबर १९९१ च्या मोजणीत शवाची जागा इटलीच्या हद्दीत ९२.५६ मी. आत भरली. मालकी दक्षिण टिरोल प्रांताकडे गेली, पण १९९८ पर्यंत शव अभ्यासासाठी इन्सब्रुकलाच राहिले.

कालनिर्णय : अस्थी व ऊतकांचे कार्बन-१४ मापन ऑक्सफर्ड व झुरिक येथील प्रयोगशाळांनी केले. त्यातून आलेले वय सु. ४,५५० कार्बन-वर्षे आहे आणि मापनातील त्रुटी अगदी थोडी आहे. असे असूनही पंचांगाच्या वर्षांत काळ सांगताना अडीच शतकांची मुभा ठेवावी लागते. वातावरणातील कार्बन-१४ चे प्रमाण इ.स.पू. चौथ्या सहस्रकाच्या उत्तरार्धात वरखाली होत होते, त्यामुळे कार्बन-वर्षांचे पंचांगाच्या वर्षांत रूपांतर करणाऱ्या अंशशोधन वक्राला तेथे वळणे आहेत व एकच मापन वक्राला अनेक ठिकाणी छेदते. मोजणी कितीही काटेकोर केली, तरी केवळ या पद्धतीने हा पल्ला फारसा आखडत नाही. ‘ओत्सी इ.स.पू. ३३०० मध्ये मेला’ हे लोकप्रिय विधान सोयीचा गोळाबेरीज आकडा म्हणूनच घ्यावे.

वस्तू : कुऱ्हाडीचे सु. ९.५ सेंमी. लांबीचे पाते प्रथम काशाचे वाटले होते. ते जवळजवळ शुद्ध (सु. ९९.७%) तांब्याचे निघाले. यू वृक्षाच्या दांड्यात ते भूर्जाच्या डांबराने व चामड्याच्या वादीने बसवलेले आहे. दांड्यासह पूर्ण टिकलेली या काळातील अशी दुसरी कुऱ्हाड नाही. पात्याचा घाट उत्तर इटलीतील रेमेदेल्लो संस्कृतीच्या थडग्यांत मिळालेल्या पात्यांशी जुळतो. तांबे जवळपासच्या आल्प्समधले असणार, असे गृहीत धरले जात होते. शिशाच्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंच्या) प्रमाणावरून २०१७ मध्ये ते मध्य इटलीतील दक्षिण तोस्कानामधील धातुकाचे असल्याचे दिसून आले. धातू इतक्या दुरून आला, पण माणूस तितक्या दूर गेला होता असे त्यावरून म्हणता येत नाही.

सु. १.८२ मी. लांबीचे धनुष्य अर्धवट तासलेले आहे. भात्यातील चौदा बाणांपैकी दोनच पुरे झालेले होते. गारगोटीचा सुरा, तिची धार काढण्याचे शिंगाच्या टोकाचे हत्यार, भूर्जसालीचे दोन डबे (एकात मेपलच्या पानांत गुंडाळलेले निखारे नेल्याच्या खुणा), आगकाड्याचे काम करणारी अळंबी आणि वादीत ओवलेले भूर्जावरील अळंबीचे दोन तुकडे हा बाकीचा संच. हे तुकडे औषधी असावेत, असे बहुतेकांना वाटते. २०१८ च्या अभ्यासानुसार गारगोटीची हत्यारे झिजून शेवटास आलेली होती व नुकतीच धार लावलेली होती. नवी गारगोटी त्याला काही दिवस मिळाली नसावी. कपड्यांच्या कातड्यांची ओळख २०१६ मध्ये सूत्रकणिकीय (मायटोकाँड्रियातील) डीएनएवरून नव्याने पटवली गेली. अंगरख्यात मेंढी व शेळी या दोन्हींची कातडी जोडलेली असून पायांवरची आवरणे शेळीची, लंगोट मेंढीचा व टोपी तपकिरी अस्वलाची आहे.

शरीर व गोंदण : मृत्यूसमयी वय सु. ४५ वर्षे, उंची सु. १.६० मी. गुडघे, घोटे व कमरेचे मणके झिजलेले होते, रोहिण्यांत कॅल्शियम साठलेले होते आणि आतड्यांत व्हिपवर्म या कृमीची अंडी मिळाली. अंगावर काजळीने उमटवलेल्या ६१ रेषा व क्रूसासारख्या खुणा असल्याचे २०१५ मधील बहुवर्णपटीय छायाचित्रणाने नक्की झाले. त्या प्रामुख्याने झिजलेल्या सांध्यांजवळ असल्याने वेदनाशमनासाठी केल्या असाव्यात, हे मत बरेच मान्य आहे. मात्र छातीवरील खुणांना ते लागू पडत नाही. त्वचा चिरून त्यात काजळी चोळली असे पूर्वी लिहिले जाई. २०२४ मध्ये प्रायोगिक गोंदणांशी तुलना केल्यावर एका टोकदार साधनाने टोचून टोचून त्या काढल्या असाव्यात, असे मत पुढे आले. सुईने टोचून काजळ भरण्याची महाराष्ट्रातील पद्धत पाहता या खुणांना ‘गोंदण’ हाच शब्द योग्य ठरतो.

मृत्यूचे कारण : पहिली दहा वर्षे थंडी व थकवा हे कारण सांगितले जात होते. २००१ मध्ये दक्षिण टिरोलमधील बोल्झानो येथील क्ष-किरण तपासणीत डाव्या खांद्यात गारगोटीचे बाणाग्र दिसले. बाण पाठीमागून आला होता. गळपट्टीच्या हाडाखालील रोहिणी त्याने फाडली होती, असे २००७ मध्ये सीटी स्कॅनच्या आधारे प्रसिद्ध झाले. एवढ्या रक्तस्रावानंतर तो फार वेळ जगला नसावा. उजव्या हातावरची खोल जखम मात्र काही दिवस आधीची, भरू लागलेली आहे. डोक्यालाही मार आहे, पण तो घावाचा की पडण्याचा, हे ठरवणे कठीण आहे. बाण कोणी व का मारला याविषयीच्या कथा पुष्कळ आहेत. मौल्यवान कुऱ्हाड जागीच राहिल्यामुळे लुटीची शक्यता कमी वाटते, इतकेच पुराव्यानिशी म्हणता येते.

ऋतू आणि जागा यांविषयीचा वाद : श्पिंडलर यांच्या मते मृत्यू शरद ऋतूत झाला. गावातील संघर्षातून पळालेला हा माणूस घळीत आडोशाला निजला, हिमवृष्टीने झाकला गेला आणि वरून हिमनदी सरकत असताना खोलगट घळीमुळे सुरक्षित राहिला. शवाजवळ मिळालेले ब्लॅकथॉर्नचे फळ शरदात पिकते, हा त्यांचा एक आधार होता. परंतु असे फळ वाळवून कोणत्याही ऋतूत बाळगता येते.

या मताला पहिला धक्का परागकणांनी दिला. इन्सब्रुकचे वनस्पतिशास्त्रज्ञ क्लाउस ओएग्गल यांना आतड्यांतील अंशांत हॉप हॉर्नबीम या वृक्षाचे विपुल परागकण मिळाले. हा वृक्ष खिंडीच्या दक्षिणेकडील उबदार खोऱ्यांत वाढतो व वसंत ते उन्हाळ्याच्या सुरुवातीस फुलतो. येथे एक बारकावा निर्णायक ठरतो. परागकणाचे बाह्य कवच हजारो वर्षे टिकते, आतला पेशीद्रव मात्र अल्पकाळातच नाश पावतो. ओत्सीच्या पोटातील कणांत पेशीद्रव शाबूत होता, म्हणजे झाड फुललेले असतानाच ते पाण्याबरोबर किंवा अन्नाबरोबर पोटात गेले. जुन्या साठवणीतील धान्यातून आलेले कण असे राहिले नसते. आतड्याच्या निरनिराळ्या भागांतील नमुन्यांवरून शेवटच्या सु. ३३ तासांचा प्रवासही मांडता आला. आधी वरच्या सूचिपर्णी वनांतील पराग, मग खोऱ्यातले, मग पुन्हा वरचे, असा क्रम त्यांत मिळतो. म्हणजे वर असलेला माणूस खाली उतरला आणि पुन्हा वर चढला. तो का उतरला, याचे उत्तर परागकण देत नाहीत.

ऋतू असा ठरल्यावर नवा पेच निर्माण झाला. वसंतात वा उन्हाळ्याच्या आरंभी ही घळ बर्फाने भरलेली असणार, मग तो तिच्या तळाशी कसा पोचला? २०१० मध्ये रोममधील संशोधकांनी वस्तूंच्या विखुरण्यावरून असे सुचवले की, मृत्यू खाली खोऱ्यात झाला व काही महिन्यांनी शव वर आणून दगडी ओट्यावर विधिपूर्वक ठेवले गेले. शवाचा अभ्यास करणाऱ्या गटाने पुढच्याच वर्षी याचा प्रतिवाद केला. अंगाची ठेवण व सांध्यांची अखंड स्थिती पाहता आधी कोठेतरी महिनोन्महिने ठेवलेले शव वर आणले, हे जुळत नाही. अर्धवट धनुष्य व बिनपात्यांचे बाण दफनसामग्री म्हणून ठेवावेत, हेही पटण्यासारखे नाही.

नॉर्वेतील हिमपुरातत्त्वाचे अभ्यासक लार्स पिलो व त्यांचे सहकारी यांनी २०२२ मध्ये मांडलेले मत जास्त समाधानकारक वाटते. नॉर्वेच्या बर्फात सापडलेल्या शेकडो वस्तूंचा अनुभव त्यामागे आहे. त्यांच्या मते ओत्सी घळीबाहेर, बर्फाच्या पृष्ठभागावर मेला. पुढे बर्फ वितळताना तो व त्याच्या वस्तू पाण्याबरोबर घळीत उतरल्या. घळ एकदाच कायमची मिटली नाही. घळीतील काही वनस्पतिजन्य अंशांचे कार्बन-१४ वय ओत्सीहून कमी आहे, म्हणजे नंतरच्या काळात ती एकाहून अधिक वेळा उघडी पडली. शवातील चरबीचे काही ठिकाणी मेणासारख्या पदार्थात रूपांतर झाले आहे, तेही ते काही काळ पाण्यात असल्याचे सुचवते. भाता व इतर वस्तूंची मोडतोड झटापटीची खूण म्हणून दाखवली जाई, ती बर्फाच्या दाबाने व विस्थापनानेही होऊ शकते. या उपपत्तीत हिमशव टिकण्यासाठी चमत्कारिक योगायोगांची साखळी लागत नाही. पहिल्या चार दिवसांची नोंद नसल्याने पूर्ण खात्री मात्र कोणत्याच बाजूला देता येत नाही.

आहार व जनुकीय अभ्यास : जठर रिकामे असल्याचे बरीच वर्षे मानले जात होते, कारण ते फासळ्यांखाली वर सरकले होते. २००९ मध्ये ते भरलेले आढळले. २०१० मध्ये शव अल्पकाळ वितळवून घेतलेल्या नमुन्यांत आयबेक्स या रानबोकडाची चरबी व मांस, तांबड्या हरिणाचे मांस, आइनकॉर्न गहू व ब्रॅकन नेच्याचे अंश मिळाले. आपल्याकडील खपली गहू (एमर) आणि आइनकॉर्न या दोन वेगळ्या जाती आहेत, मात्र कोंडा दाण्याला चिकटून राहणे हे दोन्हींचे लक्षण आहे. जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणूही होता. त्याचा वाण आज मध्य व दक्षिण आशियात आढळणाऱ्या वाणाच्या जवळचा आहे, तर आजच्या युरोपीय वाणात आफ्रिकी मिश्रण दिसते. ते मिश्रण ओत्सीनंतर झाले असावे, असा निष्कर्ष २०१६ मध्ये काढला गेला. तो एकाच माणसाच्या जठरावर उभा आहे, हे विसरू नये.

२०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकसंचावरून त्याचे डोळे तपकिरी, रक्तगट ओ असल्याचे व प्रौढपणी दूध पचत नसल्याचे समजले. आजच्या लोकांत सार्डिनियातील लोक त्याला सर्वांत जवळचे ठरले. त्यात दिसलेला स्टेप प्रदेशातील (पूर्व युरोपातील गवताळ मैदानांतील) वंशांश आधुनिक डीएनएच्या दूषणाने आला होता, हे २०२३ च्या नव्या वाचनात उघड झाले. त्याचे नव्वद टक्क्यांहून अधिक पूर्वज ॲनातोलियातून आलेल्या शेतकऱ्यांपैकी होते, त्वचा आजच्या युरोपीयांपेक्षा बरीच सावळी होती व टक्कल पडण्याकडे कल होता. दात व हाडे यांतील समस्थानिकांवरून बालपण आयझाक नदीच्या खोऱ्यात गेल्याचे मत २००३ पासून मान्य आहे.

जतन व इतर शवे : १९९८ पासून शव बोल्झानोच्या दक्षिण टिरोल पुरातत्त्व संग्रहालयात -६° से. तापमान व सु. ९९% आर्द्रतेत ठेवले आहे. त्यावर अधूनमधून निर्जंतुक पाणी फवारतात, ते गोठून शवावर बर्फाचा पातळ थर होतो व ऊतकांतील ओलावा उडून जात नाही. प्रेक्षकांना ते एका छोट्या खिडकीतून दिसते.

कॅनडातील ब्रिटिश कोलंबियात १९९९ मध्ये हिमनदीत सापडलेले तरुणाचे शव बरेच अलीकडचे आहे. तेथील आदिवासी समाजाच्या संमतीने अभ्यास झाला व २००१ मध्ये त्याच समाजाने शवाचे दहन केले. उत्तराखंडातील रूपकुंड (उंची सु. ५,००० मी.) याचा उल्लेख भारतात या संदर्भात वारंवार होतो, पण तेथे मिळाले ते मुख्यतः सुटे सांगाडे. २०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील अभ्यासकांच्या सहभागाने ३८ व्यक्तींच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण आशियाई वंशाचे लोक इ.स. सु. ८०० च्या आसपास, कदाचित अनेक प्रसंगी, मृत्यू पावलेले आणि पूर्व भूमध्य समुद्राकडील वंशाचा एक गट इ.स. सु. १८०० मधला निघाला.