सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेन नसतं हो!

"सोयाबीनमध्ये इस्ट्रोजेन असतं, ब्रेस्ट कॅन्सरवाल्यांनी वड्या खाऊ नयेत" हा फॉरवर्ड परत आला तर मी फॅमिली ग्रुप सोडणारे. इस्ट्रोजेन म्हणजे बायकांचं हार्मोन, मुख्यतः ओव्हरीत बनतं, आणि रिपोर्टवर ईआर पॉझिटिव्ह असेल, म्हणजे गाठीच्या पेशींत इस्ट्रोजेन पकडणाऱ्या जागा सापडल्या असतील, तर गाठ त्याच्यावरच पोसते. सोयाबीनमध्ये असतं ते जेनिस्टीन. त्या जातीला फायटोइस्ट्रोजेन, म्हणजे 'वनस्पती-इस्ट्रोजेन', म्हणतात, अर्धा घोळ त्या नावानेच घातलाय. इस्ट्रोजेन हे स्टेरॉइड, जेनिस्टीन मात्र आयसोफ्लेव्होन, म्हणजे सोयाबीनमधल्या वेगळ्याच रसायनगटातलं, ते सोडा.

खरी मेख रिसेप्टरमध्ये आहे, म्हणजे पेशीतल्या ज्या जागेला हार्मोन चिकटून आपलं काम करतं तिथे. इस्ट्रोजेनचे रिसेप्टर दोन, अल्फा आणि बीटा. शरीरातलं मुख्य इस्ट्रोजेन, म्हणजे इस्ट्राडायोल, दोन्हींना घट्ट धरतं. जेनिस्टीनचा ओढा बीटाकडे, अल्फाला ते जेमतेम चिकटतं, आणि गाठ वाढवण्याचं काम मुख्यतः अल्फाचं. पण जेमतेम म्हणजे शून्य नाही! म्हणून लॅबमध्ये एमसीएफ-७ ह्या कॅन्सरपेशींना थोडं जेनिस्टीन दिलं तर त्या वाढतात आणि भरपूर दिलं तर थांबतात. १९९८ मध्ये ओव्हरी काढलेल्या उंदरांत ह्याच पेशी टोचून जेनिस्टीन दिलं, गाठी वाढल्या, आणि तिथून ही भीती पसरली. आता बघा, त्या उंदरांत स्वतःचं इस्ट्रोजेन जवळपास नव्हतंच, मग दुबळं जेनिस्टीनही तिथे भाव खाऊन जाणार. शिवाय माणसाचं आतडं आणि लिव्हर बहुतेक जेनिस्टीन बांधून निष्क्रिय करून टाकतात, उंदराच्या रक्तात ते मोकळं फिरतं कितीतरी जास्त.

माणसांचं म्हणाल तर शांघायमध्ये ब्रेस्ट कॅन्सर झालेल्या ५,०४२ बायकांचा अभ्यास २००९ मध्ये आला, जास्त सोया खाणाऱ्यांमध्ये मृत्यू आणि कॅन्सर उलटणं दोन्ही कमी दिसलं. हा निरीक्षणाचा अभ्यास आहे, त्यामुळे "सोयाने कॅन्सर बरा होतो" म्हणणारेही मला तितकेच डोक्यात जातात.

आणि वडी वेगळी, गोळी वेगळी. २०१४ च्या एका ट्रायलमध्ये ऑपरेशनआधी काही दिवस सोया पावडर घेतलेल्यांपैकी काही जणींच्या गाठीत पेशीवाढीचे जीन्स जास्त चालू झालेले दिसले. म्हणून भाजी खुशाल खा, आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या आणि पावडरी मात्र ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय अजिबात नकोत. सोयाबीन तेलाला तर ह्या भांडणात ओढूच नका, रिफाइंड तेलात आयसोफ्लेव्होन जवळजवळ उरतच नाहीत.