जुन्या चित्रपटांतील ब्रिटिश मोटारींची ओळख

पडद्यावर क्षणभर दिसलेल्या मोटारीचा कारखाना, मॉडेल आणि जमल्यास साल ठरवण्याचा छंद. चित्रीकरणाचा काळ निश्चित करायलाही त्याचा उपयोग होतो. ‘व्हिंटेज’ हा शब्द ब्रिटनमधले जाणकार साधारण १९१९ ते १९३० मधल्या गाड्यांपुरताच वापरतात. १९०५ पूर्वीची ती ‘व्हेटरन’. बोलण्यात मात्र १९६० पर्यंतची कुठलीही गाडी व्हिंटेज ठरते. कथा इंग्लंडची म्हणून गाडीही तिथलीच असे धरून चालू नये. जुन्या मोटारींच्या लंडन-ब्रायटन फेरीवरचा १९५३चा ‘जेनेव्हीव्ह’ हा अस्सल इंग्रजी विनोदपट. त्यातली मुख्य गाडी फ्रेंच डाराक, तर प्रतिस्पर्ध्याची डच स्पायकर.

नजर आधी पुढच्या जाळीवर जाते, पण साल पकडायला दिवे आणि काचा जास्त कामाच्या. १९४८च्या मॉरिस मायनरचे दिवे जाळीलगत खाली होते; पुढे ते मडगार्डवर चढले. १९५६मध्ये दोन तुकड्यांची पुढची काच जाऊन अखंड काच आली. वळताना दाराच्या खांबातून बाहेर येणारा ट्रॅफिकेटरचा दांडा मात्र १९६१पर्यंत टिकला. फोर्ड अँग्लिया १०५ई (१९५९) मागच्या, उलट्या दिशेने कललेल्या काचेवरून दुरूनही ओळखू येते. रात्रीच्या दृश्यात जाळीवरचे नावाचे पदक उजळलेले दिसले, तर ती बहुधा वूल्झली. पोलिसपटांत काळ्या वूल्झल्या सतत धावत असतात.

खरी पंचाईत बीएमसीने (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) केली. इटालियन आरेखक पिनिन फारिना यांनी आखलेली एकच बॉडी या कंपनीने १९५८-५९पासून ऑस्टिन, मॉरिस, वूल्झली, रायली आणि एमजी अशा पाच नावांनी विकली. पुढची बाजू दिसली नाही तर ‘बीएमसी फारिना’ एवढ्यावर थांबणेच प्रामाणिकपणाचे.

नंबरप्लेट मदत करते, फसवतेही. १९०४पासूनच्या नोंदणीत अक्षरांवरून गाव कळते: एफसी, जेओ, डब्ल्यूएल म्हणजे ऑक्सफर्ड. सालाचे अक्षर १९६३पासून जोडले जाऊ लागले, पण सगळीकडे ते १९६५मध्येच लागू झाले. त्यातून कळते ते पहिल्या नोंदणीचे वर्ष, चित्रीकरणाचे नव्हे. शिवाय चित्रपटासाठी खोट्या पाट्या लावल्या जात. कड्यावरून कोसळणारी गाडी तर वेगळीच तपासावी: नायकाची महागडी गाडी दरीत लोटण्यापेक्षा आयत्या वेळी एखादी जुनी, साधारण तशीच दिसणारी गाडी ढकलून दिलेली असते.

मराठी प्रेक्षकाला १९५६-५९च्या इंग्रजी चित्रपटात ‘अँबॅसिडर’ दिसल्याचा भास होतो, तो निराधार नाही. ती मॉरिस ऑक्सफर्डची तिसरी मालिका. हिंदुस्थान मोटर्सने तिच्यावरूनच अँबॅसिडर काढली. त्याआधीची लँडमास्टर दुसऱ्या मालिकेवरची. मद्रासची स्टँडर्ड हेरल्डही मुळात ट्रायम्फ हेरल्डच. म्हणून त्या काळच्या हिंदी चित्रपटात अशी गाडी दिसली, तर ती आयात केलेली की इथे जुळवलेली, हे नंबरप्लेटवरून कळत नाही. नोंदणी मुंबईची आहे एवढेच ती सांगते.