मासाभर वजनाची जिग आणि तिच्यामागचा दोरा

सोनाराच्या जुन्या हिशेबात आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा. हा मासा भरतो साधारण ०.९७ ग्रॅम. जिगचा, म्हणजे मासे गरवायच्या नकली आमिषाचा, डबा उघडला की मला हेच माप आठवतं, कारण हल्ली हौसेनं गरवणारे लोक ज्या बारीक जिग वापरतात त्या मासाभराच्या, कधी त्याहूनही हलक्या असतात. तुरीच्या दाण्याएवढा शिशाचा गोळा, त्यात ओतलेला गळ, मागे रबराची किंवा पिसांची शेपटी. एवढासा जीव वीस मीटर लांब फेकायचा, हे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कुणाला जमणारं नव्हतं.

अडचण रिळात होती. जुन्या रिळात दोरा गुंडाळलेला ढोल फिरायचा. केंटकीतल्या पॅरिस गावच्या जॉर्ज स्नायडर या घड्याळजीनं १९व्या शतकाच्या सुरुवातीला दातेरी चाकं बसवून भरभर फिरणारं रीळ केलं, तरी फेकलेल्या वजनाला आधी तो ढोल जागचा हलवावा लागेच. दहा-पंधरा ग्रॅमला ते जमतं. मासाभर शिशाचा जोर मात्र ढोल फिरायला लागण्याआधीच संपतो.

स्कॉटलंडमध्ये पर्थच्या पीटर मॅलॉकनं १८८४ मध्ये यावर एक तोड काढली. फेकताना ढोल काटकोनात वळवायचा, म्हणजे दोरा कडेवरून निसटत जाईल, आणि गुंडाळताना पुन्हा सरळ करायचा. यात दोऱ्याला पीळ मात्र फार पडे. खरा उलगडा झाला तो कापडगिरण्यांच्या मुलखात. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डच्या गिरणीवाल्या घराण्यातल्या आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थनं १९०५ मध्ये स्थिर ढोलाच्या रिळाचं पेटंट घेतलं. सूत कांडीच्या टोकावरून सुळकन निघत राहतं आणि कांडी जागची हलत नाही, हे दृश्य त्याच्या रोजच्या पाहण्यातलं होतं. त्यानं ढोल कायमचा काठीच्या रोखानं बसवला आणि दोरा गुंडाळायला त्याच्याभोवती फिरणारा हात दिला. जिगच्या माथ्यावरचं ढोलाचं ओझं त्या दिवशी उतरलं. आज आपण वापरतो ती स्पिनिंग रिळं त्याच वंशातली.

आता जिगला ओढायचा होता फक्त दोरा. पण तेव्हा दोरा रेशमाचा, पाणी पिऊन फुगणारा आणि रोज वाळवावा लागणारा. १९३८ मध्ये ड्यूपाँ कंपनीनं नायलॉन जाहीर केलं आणि लवकरच त्याचा एकेरी धागा गळाला लागला. आपल्याकडचं तंगूस ते हेच. स्वस्त, पाण्याला न घाबरणारं, पण गुंडाळीची सवय न सोडणारं. रत्नागिरीच्या खडपावर मी ०.२५ मिमीच्या तंगुसाला एक ग्रॅमची जिग बांधून संध्याकाळभर झगडलो आहे. रिळावरून सुटलेली वेटोळी वाऱ्यावर स्प्रिंगसारखी झुलत राहायची आणि जिग चार-पाच मीटरवर टपकन पडायची. मी दोष काठीला देत होतो, तो चुकीचा होता.

काठीचाही प्रवास मोठा आहे: बांबू, दुसऱ्या महायुद्धानंतर काचतंतू, मग ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात १९६०च्या दशकात विकसित झालेला कार्बनतंतू आणि १९७३ मध्ये अमेरिकेत फेनविकच्या ग्रॅफाइट काठ्या. शेंडा जिगच्या वजनानं वाकला तरच ती सुटते, म्हणून काठीवर छापलेलं वजन वाचूनच काठी घ्यावी. तरी माझ्या मते पहिला पैसा दोऱ्यावर घालावा.

कारण मासाभर जिगला खरे पंख फुटले ते पॉलिएथिलीनच्या विणलेल्या दोऱ्यानं. नेदरलँड्समधल्या डीएसएम कंपनीच्या संशोधनातून डायनीमाचा तंतू आला, अमेरिकेत स्पेक्ट्रा आला, आणि १९९०च्या दशकात त्यांचे गरवायचे दोरे दुकानांत दिसू लागले. जपानी मापात एक नंबर म्हणजे ०.१६५ मिमी आणि ०.३ नंबर म्हणजे जेमतेम ०.०९ मिमी. बंदराच्या दिव्याखाली रात्री ‘अजी’ हा छोटा मासा गरवणाऱ्या जपानी लोकांनी या केसासारख्या दोऱ्यावर ‘अजिंग’ नावाचं अख्खं तंत्र उभं केलं.

पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे ते तरंगतं, वाऱ्यात कमान धरतं आणि जिगला खाली जाऊ देत नाही. एक ग्रॅमच्या खाली गेलं की अजिंगवाले म्हणूनच पॉलिएस्टरच्या, बुडणाऱ्या दोऱ्याकडे वळतात. त्याला ताण कमी सोसतो, झटका दिला तर तुटतो.

दोन्ही दोऱ्यांना पुढे फ्लोरोकार्बनचा लीडर, म्हणजे दोरा आणि जिग यांच्यामधला वेगळा तुकडा, लागतो. तो पाण्याच्या पावणेदोन पट जड असतो आणि खडकावर घासूनही टिकतो. पॉलिएथिलीनला लीडर जोडायला एफजी नावाची गाठ बरी, ती बारीक असल्यानं काठीच्या कड्यांतून अडखळत नाही. ढोलात आधी थोडं तंगूस भरावं, नाहीतर विणलेला दोरा ढोलावर घसरतो, आणि वरचा दोरा ढोलाच्या ओठापर्यंत, म्हणजे कडेपर्यंत, यावा. जिगला स्नॅप, म्हणजे जोडायची छोटी तारेची कडी, लावू नये, मासाभर वजनात तोही भारच. लीडरच्या टोकाला सैल फासा ठेवून जिग थेट त्यात बांधली, की ती पाण्यात मोकळी डुलते.