आउट ऑफ

आउट ऑफ (बोलताना औटॉफ, लिहिताना ‘आऊट ऑफ’ असेही) : मूळ इंग्रजी शब्दजोडी. मराठवाड्यात तिचा पहिला अर्थ पैकीच्या पैकी गुण. इंग्रजीत या जोडीला पुढे आकडा लागतो, शंभरापैकी पंचाण्णव असे सांगण्यासाठी. मराठीने तो आकडा गाळला आणि उरलेल्या तुकड्यालाच पूर्ण गुणांचा अर्थ दिला. ‘गणितात किती पडले?’ याला ‘आउट ऑफ’ एवढे उत्तर पुरते. कितीपैकी, हे कोणी विचारत नाही. सोबत क्रियापद पडणे, मिळणे किंवा घेणे. विशेषणही होते : ‘आउट ऑफचं लेकरू’. दुकानात मात्र हीच जोडी माल संपल्याचे सांगते.

परीक्षेतला हा वापर सगळ्या महाराष्ट्रात आहे. पण दहावीच्या निकालाच्या दिवशी तो सर्वांत जास्त ऐकू येतो तो शिक्षण मंडळाच्या लातूर विभागात, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिव या जिल्ह्यांत. २०२४ साली राज्यात १८७ विद्यार्थ्यांना शंभर टक्के मिळाले, त्यांतले १२३ या विभागातले. २०२५ साली २११ पैकी ११३. २०१९ साली भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत, म्हणजे शाळेने द्यायचे, गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्यात शंभर टक्केवाले २०च निघाले, तरी त्यांतले १६ लातूरचे. पुढच्या वर्षी ते गुण परत आले आणि राज्याचा आकडा २४२ वर गेला.

‘शंभर टक्के’ आणि ‘आउट ऑफ’ एकच, असे समजणे ही सर्वांत मोठी गल्लत. टक्केवारी सहा विषयांपैकी चांगल्या पाच विषयांवर, म्हणजे ५०० गुणांवर काढतात. त्यात चित्रकला, शास्त्रीय गायन-नृत्य, खेळ यांचे सवलतीचे गुण मिळवले जातात. गुणपत्रिकेवर ‘४८९+११’ असे दिसले, तर टक्के शंभर झाले, पण विषयांत अकरा गुण गेलेलेच असतात. अशा विद्यार्थ्याला एकाही विषयात आउट ऑफ नसू शकते. उलट गणितात आउट ऑफ पडलेला नव्वद टक्क्यांवर थांबू शकतो.

गणिताचे १०० गुण म्हणजे भाग एकचे ४०, भाग दोनचे ४० आणि अंतर्गत २०. अंतर्गत वीस बहुतेकांना पूर्ण मिळतात, त्यामुळे आउट ऑफ ठरते ते लेखी ऐंशीवर. उत्तर बरोबर असूनही गुण जातो तो मांडणीत : आलेखावर प्रमाण लिहिले नाही, सिद्धतेच्या पायरीपुढे कंसात कारण दिले नाही, भूमितीच्या रचनेत कंपासने काढलेले कंस खोडरबराने पुसून टाकले. संस्कृतात आउट ऑफ नेहमीचे. मराठीत दुर्मीळ, कारण निबंधाला पूर्ण गुण द्यायला तपासणाऱ्याचा हात धजत नाही.

मूळ अर्थ आणि मराठी अर्थ समोरासमोर येतात ते अर्ज भरताना. इंग्रजी छापील अर्जात मिळालेल्या गुणांच्या रकान्याशेजारी ‘आउट ऑफ’ हा रकाना असतो. तिथे एकूण गुण लिहायचे, मिळालेले नव्हे. दहावीचे पाच विषयांचे गुण टाकले असतील तर तिथे ५०० हवेत. सवयीने ६०० टाकले की ४८६ गुणांचे ९७.२ ऐवजी ८१ टक्के होतात.

लातूर-नांदेडमध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या शिकवण्यांत ‘आउट ऑफ’ म्हणजे ७२०. प्रश्न १८०, बरोबर उत्तराला ४ गुण, चुकीच्याला वजा १. एक प्रश्न सोडला तर ७१६, एक चुकला तर ७१५. मधले आकडे या हिशेबात बसतच नाहीत. म्हणूनच २०२४ च्या निकालात ७१८ आणि ७१९ दिसताच पालकांना शंका आली. वेळ वाया गेल्याबद्दल १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण हे त्यामागचे कारण होते; ते नंतर रद्द झाले. सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेतले शंभर पर्सेंटाइल म्हणजेही आउट ऑफ नव्हे. तो इतरांच्या तुलनेतला क्रम आहे, प्रश्न चुकलेले असू शकतात.

‘आउट ऑफ सिलॅबस’ म्हणजे अभ्यासक्रमाबाहेरचे. परीक्षेपेक्षा घरगुती बोलण्यातच ते जास्त खपते : पाहुण्यांनी मुलाला लग्नाचे विचारले की ‘हा प्रश्न आउट ऑफ सिलॅबस आहे, मामा’.

‘आउट ऑफ स्टॉक’ जूनमध्ये ऐकावे. पेरणीच्या तोंडावर डीएपी खताची ५० किलोची गोणी मागितली की काउंटरवरून हे उत्तर येते. ते दर वेळी खरे असतेच असे नाही. कधी त्याचा अर्थ ‘सोबत दुसरे काही घेतल्याशिवाय नाही’ असा असतो. या सक्तीला लिंकिंग म्हणतात, आणि ती बेकायदा आहे. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे विक्रेत्याने साठा आणि दर फलकावर लावायचे असतात, शिवाय विक्री नोंदवायच्या ई-पॉस यंत्रात शिल्लक दिसते. आधी फलक पाहावा, मग भाव विचारावा.

‘साहेब आउट ऑफ स्टेशन आहेत’ यातले स्टेशन रेल्वेचे नाही, नेमणुकीच्या ठिकाणाचे. बाहेरगावी हा शब्द हाताशी असताना कचेरीत हेच चालते. त्याने गैरहजेरीला सरकारी वजन येते.

‘आउट ऑफ कव्हरेज’ मोबाइलमधून आले आणि माणसांना चिकटले. बालाघाटाच्या दऱ्यांत फोन न लागणारा तो आउट ऑफ कव्हरेज, उसने घेऊन महिनाभर तोंड न दाखवणाराही तोच. पिऊन पडलेल्याला एवढे लांबलचक लागत नाही, त्याला नुसते ‘आउट’ पुरते.