किनारा मोकळा करण्यापूर्वी मोजायचे काय?

११ जानेवारी २०१९ च्या रात्री अमेरिकेतील सिॲटल शहराच्या समुद्रकाठचा दुमजली उड्डाणपूल वाहतुकीसाठी कायमचा बंद झाला. १९५३ पासून वापरात असलेला आणि २००१ च्या भूकंपाने खिळखिळा झालेला हा पूल शेवटच्या काळातही रोज सुमारे ९० हजार वाहने वाहून नेत होता. त्याच्या जागी बांधलेला बोगदा ४ फेब्रुवारीला खुला झाला. म्हणजे मधले सुमारे तीन आठवडे शहराजवळ ना पूल होता, ना बोगदा. या काळात शहर ठप्प होईल अशी भीती होती. रस्त्यांवर ताण आला खरा, पण भाकीत केलेली महाकोंडी झाली नाही.

किनाऱ्याच्या पुनर्विकासासाठी तेथला रस्ता हलवायचा असेल, तर आधी वाहतुकीचा अभ्यास करावा लागतो. तो आखताना पहिली चूक होते ती ९० हजारांसारख्या रोजच्या एकूण आकड्यावर विसंबण्याची. एका ठिकाणी उभे राहून वाहने मोजली तर किती गेली ते कळते. कोठून आली, कोठे निघाली आणि दुसरा मार्ग त्यांना चालला असता का, हे कळत नाही. म्हणून वाहतूक अभियंते नकाशावर एक काल्पनिक रेषा आखतात आणि तिला छेदणाऱ्या सर्व समांतर रस्त्यांवर एकाच वेळी गणना करतात. एलियट उपसागर आणि वॉशिंग्टन सरोवर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात वसलेल्या सिॲटलमध्ये अशी रेषा जणू भूगोलानेच आखून दिली आहे. दुसरी नोंद प्रवासाच्या दोन टोकांची. जुन्या पुलावरून शहराच्या मध्यभागी उतरता येत असे. नव्या बोगद्याला मध्ये एकही फाटा नाही. त्यामुळे आरपार जाणाऱ्यांची सोय झाली, पण मध्यभागी उतरणाऱ्यांचा भार किनाऱ्यावर जमिनीलगत होणाऱ्या नव्या रस्त्यावर आणि आतल्या गल्ल्यांवर येणार हे उघड होते. या दोन प्रकारच्या प्रवाशांची संख्या वेगवेगळी काढल्याशिवाय नव्या रस्त्याला किती मार्गिका लागतील, हे ठरवता येत नाही.

यानंतर प्रश्न येतो पुनर्विकासामुळे नव्याने निर्माण होणाऱ्या वाहतुकीचा. कार्यालये, दुकाने, घरे यांच्या क्षेत्रफळावरून वाहनांच्या फेऱ्यांचा अंदाज बांधला जातो. मात्र त्या कोणत्या तासाला होतील, याला एकूण संख्येइतकेच महत्त्व आहे. कार्यालयाची गर्दी सकाळी नऊच्या आसपास होते, तर किनाऱ्यावरील उद्यानाची रविवारी दुपारी. सिॲटलच्या कोलमन धक्क्यावर तर तिसराच प्रकार दिसतो. तेथे येणाऱ्या मोठ्या फेरीबोटींतून सुमारे २०० वाहने काही मिनिटांत एकदम रस्त्यावर उतरतात आणि नंतर पुढची बोट येईपर्यंत शांतता असते. तासाची सरासरी काढली की ही लाट कागदावरून पुसली जाते, पण चौकात ती असतेच. रांगांचे साधे गणित सांगते की सिग्नलची क्षमता ८० टक्के वापरात असताना रांगेत सरासरी ४ एकक वेळ थांबावे लागत असेल, तर वापर ९० टक्के झाल्यावर ९ एकक आणि ९५ टक्क्यांवर १९ एकक थांबावे लागते. वाहतूक किंचित वाढते आणि विलंब दुपटीने वाढतो, तो यामुळे. म्हणून अशा ठिकाणची गणना पंधरा मिनिटांच्या, शक्य तर त्याहूनही लहान टप्प्यांत व्हायला हवी, असे मला ठामपणे वाटते.

मग त्या तीन आठवड्यांत पुलावरची वाहने गेली कोठे? काहींनी वेळ बदलली, काहींनी बस किंवा फेरीबोट पकडली, काहींनी घरून काम केले, काही फेऱ्या झाल्याच नाहीत. रस्त्याची जागा कमी झाल्याच्या ११ देशांतील ७० हून अधिक उदाहरणांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्या ठिकाणी ११ टक्क्यांहून अधिक वाहने आसपासच्या रस्त्यांवर पुन्हा सापडलीच नाहीत. हा आकडा दिलासा देणारा असला, तरी तो सरसकट वापरणे धोक्याचे आहे. मालट्रक घरून काम करू शकत नाही. वायव्येकडील बॅलार्डच्या कारखान्यांमधून दक्षिणेच्या बंदराकडे जाणाऱ्या ट्रकांना कोठून तरी जावेच लागणार. त्यामुळे अभ्यासात मालवाहतुकीचा हिशेब स्वतंत्र ठेवावा लागतो. शिवाय टोलमुळे चित्र पुन्हा बदलते. बोगद्यात टोलवसुली नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. त्याआधीची गणना त्यानंतरच्या वर्षांना जशीच्या तशी लागू पडत नाही.

बांधकामाचा क्रमही अभ्यासातच ठरवावा लागतो. सिॲटलमध्ये किनाऱ्याला आधार देणारी जुनी समुद्रभिंत लाकूड पोखरणाऱ्या सागरी जीवांनी कुरतडली होती, ती २०१३ पासून टप्प्याटप्प्याने नव्याने बांधावी लागली. बोगदा खोदणारे यंत्र डिसेंबर २०१३ मध्ये बंद पडून सुमारे दोन वर्षे जागीच अडकले. वाहतुकीची तात्पुरती व्यवस्था इतका काळ तग धरेल का, हा प्रश्न त्यामुळे ऐनवेळी पुढे आला.

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराच्या जमिनींच्या पुनर्विकासाची चर्चा अनेक वर्षे सुरू आहे. तेथे पी. डिमेलो मार्गावर बंदराचे ट्रक आणि २०१३ मध्ये खुल्या झालेल्या पूर्व मुक्त मार्गावरून उतरणाऱ्या मोटारी आजही एकत्र येतात. किनाऱ्यावर फिरायला येणाऱ्यांची उद्या त्यात भर पडणार असेल, तर तेथील गणना कामाच्या दिवसाच्या सकाळ-संध्याकाळपुरती न ठेवता रात्रीच्या ट्रकांची आणि रविवारच्या दुपारचीही करावी लागेल.