बखर, कागद आणि मत : मराठ्यांच्या इतिहासलेखनाची पार्श्वभूमी

इतिहासात घडलेली गोष्ट आणि तिच्याविषयी कोणाचे तरी मत या दोहोंची गल्लत होऊ नये, हे तत्त्व म्हणून आज सगळ्यांना मान्य असते. महाराष्ट्रात मात्र या तत्त्वाला अभ्यासाच्या शिस्तीचे रूप येण्यासाठी दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी सुरू झालेला एक मोठा वाद कारणीभूत झाला.

साताऱ्यास ब्रिटिशांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ याने मराठ्यांचा इतिहास इंग्रजीत तीन खंडांत लिहिला आणि तो 1826 साली प्रसिद्ध झाला. सातारच्या दप्तरातील कागद, बखरी, फारसी तवारिखा, कंपनीची कागदपत्रे असे विपुल साहित्य त्याने वापरले होते आणि त्याची मेहनत निर्विवाद आहे. परंतु सह्याद्रीतील वाळलेल्या गवताला वणवा लागावा तसा मराठ्यांचा उदय अकस्मात झाला, अशा आशयाची त्याची कल्पना हे त्याचे मत होते, आणि ते मत तारखा व लढाया यांच्याच ओघात, त्याच ठाम स्वरात आलेले असल्यामुळे वाचणाऱ्याला ते वेगळे काढता येत नव्हते. पुण्यात शिकत असलेल्या नीळकंठ जनार्दन कीर्तने या तरुणाने 1867 साली या ग्रंथावर टीकात्मक निबंध वाचला. डफने दिलेला तपशील कोठे चुकला आणि त्याचे निष्कर्ष पुराव्याला सोडून कोठे गेले, हे दोन प्रश्न एकाच लेखनात उभे राहिले, हे मला त्या निबंधाचे सर्वांत मोठे महत्त्व वाटते. न्यायमूर्ती रानडे यांनी 1900 साली मराठी सत्तेच्या उदयाची जी मीमांसा केली, तिचा रोख याच अकस्मातपणाच्या कल्पनेविरुद्ध होता. तीही मीमांसाच होती, म्हणजे मतच. पण संतांची चळवळ, गावगाडा, देशमुखांची स्थिती अशी आपली कारणे ती उघडपणे मांडत होती आणि म्हणून ती तपासता येत होती.

दरम्यान साधने छापण्याचे काम सुरू झाले होते. काशिनाथ नारायण साने आणि त्यांचे सहकारी यांनी 1878 पासून ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकातून बखरी व पत्रे लोकांसमोर आणली. पुढे विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1898 साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. पानिपतपूर्वीच्या दशकातील अस्सल पत्रे त्यात होती आणि त्या पत्रांशी ताडून पाहता बखरींतील कालक्रम व तपशील अनेक ठिकाणी ढासळतो, हे राजवाड्यांनी प्रस्तावनेत दाखवून दिले. बखर बहुधा घटनेनंतर बऱ्याच काळाने, कोणाच्या तरी आज्ञेवरून, ऐकीव माहितीच्या आधारे लिहिली जाते. पत्र त्या क्षणी, पुढे काय होणार हे ठाऊक नसताना लिहिले जाते. राजवाड्यांची स्वतःची मते फार ठाम असत आणि त्यांतील कित्येक पुढे टिकली नाहीत. त्यांनी छापलेली पत्रे मात्र आजही कामाची आहेत.

शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा प्रश्न या संदर्भात बारकाईने पाहण्याजोगा आहे. एकोणिसाव्या शतकात शके 1549, म्हणजे 1627 सालचा वैशाख महिना सर्वत्र प्रचलित होता. त्याचा आधार म्हणजे उत्तरकालीन बखरी होत्या. लोकमान्य टिळकांनी 1900 साली ‘केसरी’त या बखरींचा आपसांत मेळ बसत नसल्याकडे लक्ष वेधले. त्यानंतर कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यातील एक शकावली टिळकांच्या हाती आली आणि ती 1916 साली प्रसिद्ध झाली. शकावली म्हणजे वर्षवार केलेल्या त्रोटक नोंदी. तिच्यात वर्णन नाही, स्तुती तर जवळजवळ नाहीच. तीत जन्माची नोंद शके 1551, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार अशी होती.

ही नोंद मान्य झाली ती केवळ जुन्या कागदावर आहे म्हणून नव्हे. जेधे हे महाराजांच्या पक्षाचे घराणे होते, तेव्हा त्यांच्या कागदालाही स्वतंत्र आधार हवाच होता. पहिली कसोटी गणिताची : ती तिथी जुन्या ज्युलियन पंचांगाने 19 फेब्रुवारी 1630 रोजी येते आणि त्या दिवशी शुक्रवारच पडतो. दुसरी कसोटी दुसऱ्या साधनाची : महाराजांचे समकालीन कवींद्र परमानंद यांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य 1927 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा त्यातही तेच संवत्सर, तोच महिना आणि तीच तिथी निघाली. परमानंदांनी शक शब्दांकांनी दिला आहे : भू म्हणजे एक, बाण पाच, प्राण पाच, चंद्र एक. असे अंक उलट क्रमाने वाचायचे असतात, पण येथे कोणत्याही बाजूने वाचले तरी 1551 च येतात, त्यामुळे वाचनदोषालाही जागा उरत नाही. हे काव्य महाराजांच्या गौरवासाठीच लिहिलेले आहे आणि त्यातील विशेषणे त्या दृष्टीनेच वाचली पाहिजेत; त्याने शकाची साक्ष बाद होत नाही. जोधपूरकडे सापडलेल्या कुंडलीनेही याच तिथीला पुष्टी दिली.

यानंतर उरलेला वाद वेगळ्या जातीचा आहे. उत्सव तिथीने करावा की तारखेने, आजच्या ग्रेगोरियन पंचांगाप्रमाणे 1 मार्च धरावा की 19 फेब्रुवारी, हे प्रश्न पसंतीचे व परंपरेचे आहेत आणि कोणताही नवा कागद त्यांचा निकाल लावू शकणार नाही. वृत्तपत्रांतून ते ‘जन्मतारखेचा वाद’ या एकाच नावाखाली येतात, हे मला फार खटकते.

विरोधकाच्या लेखनाकडेही याच नजरेने पाहावे लागते. खाफीखान हा मोगलांच्या बाजूचा इतिहासकार शिवाजी महाराजांविषयी शिवराळ शब्द वापरतो. तोच खाफीखान लिहितो की मशिदी, कुराण आणि कोणाचीही स्त्री यांना आपल्या लोकांनी उपद्रव देऊ नये असा त्यांचा नियम होता आणि हाती आलेली कुराणाची प्रत ते आदराने एखाद्या मुसलमान अनुयायाला देत. त्याच्या शिव्यांवरून मोगल दरबाराची भावना कळते. ही नोंद मात्र त्याने स्वतःच्या कलाविरुद्ध केली असल्यामुळे तिचे वजन कितीतरी अधिक आहे.

सगळेच प्रश्न मात्र जन्मतिथीसारखे सुटत नाहीत. 10 नोव्हेंबर 1659 रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी भेट झाली आणि अफझलखान मारला गेला, एवढे सर्व बाजूंना मान्य आहे. पहिला वार कोणी केला यावर मराठी साधने एक सांगतात आणि फारसी दुसरे. डफने फारसी बाजू उचलली आणि त्यावरून विश्वासघाताचा निर्णय दिला. राजापूरच्या इंग्रज वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन याच्या 10 डिसेंबर 1659 च्या पत्रात मात्र, मैत्रीचे सोंग करण्याचा सल्ला विजापूरच्या राणीनेच खानाला दिला होता, असे म्हटले आहे. घटनेनंतर अवघ्या महिन्याभराने, दोन्ही पक्षांबाहेरच्या माणसाने लिहिलेले हे पत्र असल्यामुळे खानाच्या हेतूविषयी ते महत्त्वाचा पुरावा ठरते. तरीही रेव्हिंग्टन शामियान्यात नव्हता. त्याने ऐकलेले कळवले. त्यामुळे या पत्रावरून खान कपटाच्या तयारीने आला होता असे अनुमान काढता येते, पण पहिला हात कोणाचा उठला हे त्यातून सिद्ध होत नाही.