कडपट्टी

लाकडी कपाट, फडताळ किंवा मांडणी यांच्या उघड्या कडेवर बसवायची अरुंद पट्टी. सुतार तिला लिपिंग म्हणतात. गोलाई किंवा नक्षी असल्यास बीडिंग.

कडपट्टीचा उगम शोभेत पाहावा की संरक्षणात, हा प्रश्न दोन्ही बाजूंनी मांडता येतो. प्राचीन ईजिप्तमध्ये साध्या लाकडावर मौल्यवान लाकडाचे पातळ पापुद्रे चिकटवीत. अशा कामात कड झाकणे ओघानेच येते. इंग्लंडमध्ये साधारणतः १७३० नंतर खणांच्या दर्शनी कडांभोवती उठावाची बारीक पट्टी दिसू लागते. ती बहुधा शोभेची मानली जाते. परंतु तिच्यामुळे पापुद्र्याची कड टवकत नाही, हे पाहता संरक्षणाचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो.

कोकण किनाऱ्यावर तर संरक्षणच महत्त्वाचे. येथे वर्षाला सुमारे ३,००० मिमी. पाऊस पडतो आणि हवा खारी असते. प्लायच्या कडेला काही थरांचे आडवे छेद उघडे पडतात व तेथून ओल आत शिरते. प्लायवर पट्टी पूर्ण लांबीभर चिकटवली तरी चालते, कारण प्लाय फारसा फुगत-आकसत नाही.

फणसाच्या किंवा सागाच्या अखंड फळीचे तसे नाही. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, रुंदीत मात्र बदलते. सागाच्या ४० सेंमी. रुंद, सपाट कापाच्या (वाढीची वलये रुंदीला साधारण समांतर असलेल्या) फळीतील ओलावा ५ टक्क्यांनी बदलला, तर रुंदीत सुमारे ४ मिमी. फरक पडतो. म्हणून लाकडाच्या रेषांना (तंतूंच्या, म्हणजे लांबीच्या दिशेला) समांतर असलेली दर्शनी पट्टी पूर्ण चिकटवावी. कपाटाच्या बाजूला रेषांना आडवी जाणारी पट्टी तशी चिकटवू नये. ती सरसकट चिकटवली, तर उन्हाळी केलेल्या कामात फुगणारी फळी दर्शनी पट्टीला पुढे रेटते आणि कोपऱ्यातला ४५ अंशांचा सांधा उघडतो. पावसाळ्यात केलेल्या कामात पुढे फळी आकसताना तडकते. यावरचा उपाय चांगला आहे आणि तो अधिक पाळला जायला हवा : आडव्या पट्टीच्या पुढच्या ५ ते ७ सेंमी. भागालाच फेविकॉल लावावा व मागे लांबट भोकांतून आतल्या बाजूने स्क्रू द्यावेत. त्यामुळे सांधा घट्ट राहतो आणि सारी हालचाल भिंतीच्या बाजूला जाते.

सागात तेलाचा अंश असल्याने रंधा मारल्यावर लगेच चिकटवणे हिताचे. लोखंडी चुका खाऱ्या हवेत गंजतात आणि सागासारख्या लाकडात भोवती काळे डाग पडतात. पितळी किंवा स्टेनलेसचे स्क्रू बरे. पट्टी किंचित जाड ठेवून सुकल्यावर रंध्याने समतल करतात.

कारखानी कामात पीव्हीसीची पट्टी (जाडी बहुधा ०.८ ते २ मिमी.) गरम गोंदाने चिकटवतात.